हार्लेममधली सर्वांत निर्धोक आग

नेदरलँड्समध्ये आगीला माझ्या साडूंइतका मान देणारा माणूस दुसरा नसेल, आणि एवढा मान मिळूनही आग त्यांच्या घरी फारशी फिरकत नाही. हार्लेममध्ये, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीत त्यांचं जुनं घर आहे. घर घेताना बाकीचे लोक स्टेशन किती लांब, शाळा कशी, छत गळतं का, हे बघतात. साडूंनी दिवाणखान्यातली विटांची फायरप्लेस पाहिली, गुडघे टेकून मान आत घातली, मोबाइलचा उजेड वर मारला आणि एजंटला विचारलं की या धुराड्यातून शेवटचा धूर कधी गेला. एजंटला घराची खडानखडा माहिती होती, फक्त एवढंच माहीत नव्हतं. साडूंच्या मते याचा अर्थ त्याला घराबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यानंतरच्या सहा वर्षांत त्या फायरप्लेसमध्ये किती वेळा आग पेटली ते मी एका हाताच्या बोटांवर सांगू शकतो. ती सुरक्षितपणे पेटावी म्हणून काय काय झालं हे सांगायला मात्र आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यांची बोटं उसनी घ्यावी लागतील.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजी म्हणतो. ते मला पाहुणे म्हणतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, दोघेही याच देशात येऊन राहिलो, माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज ट्रेनने डबा घेऊन तेच येत होते, तरी मी पाहुणाच. नोकरीने ते सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहेत. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना एवढंच सांगतो, की दुसऱ्याने केलेल्या कामात काय काय बिघडू शकेल याचा दिवसभर विचार करण्याचा त्यांना पगार मिळतो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तोच विचार ते हौसेने करतात. मी प्रोग्रॅम लिहिणारा, म्हणजे बिघडवणाऱ्यांच्या पंगतीतला. राहतो अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला, बाराव्या मजल्यावर. आमच्या घरात आग म्हणजे इंडक्शनच्या शेगडीवरचा लाल आकडा.

लाकडापासून सुरुवात करतो, कारण साडू स्वतः तिथून करतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. लाकूड दोन वर्षं वाळलेलं हवं. ओलं लाकूड धूर करतं, धुराची धुराड्यात काजळी धरते आणि ती काजळी एक दिवस पेट घेते, हे त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की शुभंकरोतीच्या जागी झोपेतही म्हणू शकेन. परसातल्या लाकडी खोलीच्या भिंतीला लागून ओंडक्यांची रास, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर मार्करने घातलेली तारीख. पाहुण्यांना लोक मुलांचे फोटो दाखवतात तसे ते ओंडके दाखवतात. हा बर्च, फार गुणी. हा ओक, हट्टी आहे, वेळ घेईल. दोन ओंडके एकमेकांवर आपटून ते कान लावून ऐकतात, कलिंगड घेताना आपण ऐकतो तसं. शिवाय ओलावा मोजायचं दोन सुयांचं एक यंत्र कायम कोटाच्या खिशात असतं. एका ओळखीच्यांनी नवीन घर घेतलं म्हणून आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. साडूंनी कोणी बघत नाहीसं पाहून त्यांच्या जेवणाच्या टेबलाच्या पायाला ते यंत्र टोचलं, आकडा वाचला आणि घरमालकांना मनापासून सांगितलं, "तुमचं टेबल फार सुंदर जळेल." त्या घरी आम्हाला पुन्हा बोलावणं आलं नाही. ती मंडळी अलीकडे कामात असतात असं साडूंना अजून वाटतं.

धुराडं साफ करणारा माणूस इथे वर्षातून एकदा बोलवायचा असतो. साडू दोनदा बोलावतात, आणि दोन वेगवेगळी माणसं बोलावतात. दुसरा येतो तो पहिल्याचं काम तपासायला. मागच्या खेपेला त्या दुसऱ्याने ब्रश वर घातला, खाली काढला, ब्रशाकडे बघितलं, साडूंकडे बघितलं, आणि म्हणाला की काजळी नाहीच, कारण इथे कोणी आग पेटवत नाही. साडूंनी ही स्तुती मानली. त्याचं सही केलेलं प्रमाणपत्र फ्रेम करून दारातल्या गणपतीशेजारी लावलं आहे. आल्यागेल्याचा नमस्कार अर्धा त्या प्रमाणपत्राला जातो.

मग हवामान. वारा नसेल तर धूर गल्लीत साचतो आणि लोकांना त्रास होतो, म्हणून आग नाही. सरकारही अशा दिवशी लाकूड जाळू नका असं कळवतं. वारा जास्त असेल तर धूर उलटा घरात येतो, म्हणून आग नाही. आता हॉलंडात वारा एकतर नसतो किंवा माणसाला सायकलसकट उचलून कालव्यात टाकायच्या बेताला असतो. या दोहोंच्या मधला वारा वर्षातून चार-पाच दिवस येतो, आणि त्यातले निम्मे दिवस साडू ऑफिसात असतात. तरी हिवाळ्यातल्या दर शनिवारी सकाळी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा निरोप येतो: आज नैऋत्येचा आहे, बघू. एखाद्या राज्यात सरकार बनतंय की नाही अशा थाटात आम्ही दुपारपर्यंत वाट बघतो आणि मग कोट घालूनच जातो. वारा जमला तर शेवटची परवानगी शेजारच्या आजींची. या ऐंशीच्या पुढच्या डच बाईंना दमा आहे. साडू त्यांची बेल वाजवून विचारतात की आज पेटवू का. त्या आकाशाकडे बघतात, छातीवर हात ठेवून एक श्वास घेऊन दाखवतात आणि हो किंवा नाही म्हणतात. नाही म्हणाल्या तर साडू कुरकुर न करता परत येतात. मी एकदा म्हटलं, भाऊजी, आजींना विचारून कोणी चहा तरी करतो का? ते म्हणाले, चहाचा धूर त्यांच्याकडे जात नाही.

आणि सगळे ग्रह जुळून खरोखर पेटवायची वेळ आली की आमची पंचाईत. कपडे सुती किंवा लोकरीचेच. आगीपासून हातभर अंतरावर जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली आहे, तिच्या आत फक्त साडू. एकदा दिवाळीत माझी बायको जॉर्जेटची नवी साडी नेसून गेली, तर साडूंनी तिला अत्यंत नम्रपणे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसवलं. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आमच्याकडे लक्ष्मणरेषा चोख आहे हो. रावण तेवढा जळत नाही." फाटी खाली आणि ओंडके वर असं आपण जन्मभर बघत आलो. साडू मोठे ओंडके खाली, बारीक फाटी सर्वांत वर ठेवून वरून पेटवतात, म्हणजे धूर कमी होतो. ताईंच्या मते आपल्या आईने हे बघितलं असतं तर या माणसाला जावई करून घेतलंच नसतं. त्यात आगीला हवा लागते आणि विषारी वायू साचता कामा नये, म्हणून खिडकी चार बोटं उघडी. वायूची सूचना देणारी यंत्रं घरात पाच, आणि सहावं साडू प्रवासात बरोबर नेतात. परिणामी आग पेटल्यावर ती खोली आग नसताना असते त्यापेक्षा गार होते. त्यांची मुलगी, जिला मराठी सगळं समजतं पण उत्तर डचमध्ये देते, अशा वेळी रजई घेऊन वरच्या खोलीत हीटरपाशी जाते.

हे सगळं मी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात करून दाखवलं. आवाज, मान तिरकी करून ओंडका ऐकणं, आजींचा श्वास, सगळं. मला सांगायला लाज वाटते, पण परदेशात इतकी वर्षं काढून मला लोकांनी कधी एवढं डोक्यावर घेतलं नव्हतं. लोक डोळे पुसत होते. साडू पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात हसत होते. नंतर बटाटेवड्याच्या रांगेत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले की बाकी सगळं छान, फक्त मी ओलाव्याचा आकडा चुकीचा सांगितला, लोक घरी जाऊन तसं करतील. पुढे मंडळातले लोक मला दर कार्यक्रमाला तेच करायला सांगू लागले, आणि मी करत राहिलो. नकलेतला माणूस हळूहळू खऱ्या माणसापेक्षा जास्त मूर्ख होत गेला. ते माझ्या लक्षात येत होतं.

आता जे सांगायचं आहे ते. राखेबद्दल साडूंचा नियम होता की ती झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरायची, बादली परसात फरशीवर, लाकडांपासून लांब ठेवायची आणि चार दिवस उघडायची नाही. राखेच्या पोटात निखारा दिवसेंदिवस जिवंत राहतो असं ते सांगत. माझ्या नकलेत याचा मोठा भाग होता. त्यात बादली सुतकात बसल्यासारखी बसायची. गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी वारा जमला, आजी हो म्हणाल्या आणि आग पेटली. खोटं कशाला बोलू, फार छान पेटली. आम्ही तिथेच राहिलो. रविवारी सकाळी साडू पाव आणायला गेले, ताई अंघोळीला, आणि बायको मला म्हणाली की थोडी राख घेऊन ठेव. आमच्या समया आणि ताम्हण काळे पडले होते. इथल्या दुकानातली सगळी औषधं तिने लावून पाहिली होती, पण चिंचेने आणि राखेने पितळ जसं उजळतं तसं कशानेच होत नाही, हे आपल्याकडच्या कोणालाही पटेल. बाराव्या मजल्यावर राख आणायची कुठून? मी राखेवर हात ठेवला. गार होती. चार फावडी कागदी पिशवीत भरली. साडू आले की चार दिवस थांबा म्हणतील, म्हणून पिशवी घरात ठेवली नाही. परसात खाली ओलं होतं, म्हणून ओंडक्यांच्या राशीवर ठेवली, निघताना उचलायची असं ठरवून. निघताना साडू वाऱ्याबद्दल काही सांगत होते, आणि मी विसरलो.

दुपारी चारला रास पेटली. दोन वर्षं वाळवलेलं, तारखा घातलेलं ते लाकूड अगदी त्यांनी म्हटलं होतं तसं जळलं, जवळजवळ धूर न करता. धूर झाला तो शेजारच्या प्लास्टिकच्या कचराकुंड्यांचा आणि लाकडी खोलीच्या रंगवलेल्या दाराचा, आणि तो सरळ आजींच्या घरात गेला. साडूंनी सगळं पाठ केल्यासारखं केलं. आग विझवायचा सिलिंडर फवारला, पाइप लावला, आजींना खांद्याला धरून पुढच्या दाराने बाहेर काढलं. बंब आला तोवर आग विझत आली होती. आजी मात्र एक रात्र इस्पितळात राहिल्या. बंबावरच्या माणसाने विचारलं की इथे राख ठेवली होती का. साडूंनी बादली दाखवली. दुपारी त्यांनी उरलेली राख तिच्यात भरली होती. भरताना एखादा निखारा उडाला असेल, तो माणूस म्हणाला, होतं असं. साडूंनी ते मान्य केलं.

हे मला ताईंनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, अरेरे. एवढंच म्हटलं. आधी वाटलं की समोरासमोर सांगू. मग वाटलं की आजी बऱ्या होऊन घरी येऊ देत. त्या आल्या. मग वाटलं की आता विषय कशाला उकरायचा. पाडव्याच्या कार्यक्रमात कोणीतरी म्हणालं की टेस्टिंगवाल्यांचीच चूक निघाली शेवटी, आणि सगळे हसले, आणि मी हसलो. साडू त्या दिवशी आले नव्हते. पुढेही आले नाहीत. शनिवारचे निरोप थांबले. ताईंकडून कळायचं ते एवढंच, की ते आजींच्या दारावरून जाताना मान खाली घालून जातात, आणि घरातल्या गॅसच्या, दाराच्या कडीच्या, कशाच्याच बाबतीत त्यांना स्वतःवर भरवसा राहिलेला नाही. ऑफिसला निघाले की कोपऱ्यावरून परत येतात. माझ्या बायकोने त्यानंतर राखेचं नाव काढलं नाही. समया काळ्याच राहिल्या. ऑक्टोबरमध्ये ताईंचा फोन आला की सोमवारी गवंडी येतोय, फायरप्लेस विटांनी बुजवून टाकणार आहेत. फोन ठेवून बायको माझ्याकडे वळली.

"तू सांगणार आहेस," ती म्हणाली, "की मी सांगू?"

त्याच शनिवारी मी एकटा हार्लेमला गेलो. साडू जेवणाच्या टेबलाशी बसून चिमटे, जाळी, ते सुयांचं यंत्र, असं सगळं कुणाला तरी देऊन टाकण्यासाठी खोक्यात भरत होते. मला बघून त्यांना बरं वाटलं, हे सगळ्यांत वाईट. मी बसायच्या आतच सांगून टाकलं, उभ्या उभ्या, शाळेत गृहपाठ न केल्याचं सांगतात तसं. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"पिशवी कागदाची?"

"हो."

"ठेवली कुठे?"

"ओंडक्यांवर. खाली ओलं होतं म्हणून."

"हात लावून बघितला होता?"

"बघितला होता भाऊजी. गार होती."

"वरून," ते म्हणाले.

मी मान हलवली. ओरडतील असं मला वाटत होतं; खरं तर ओरडावं असं वाटत होतं. त्यांनी फक्त खोक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे बादली बरोबर होती." आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "दर रविवारी मी तिच्यात पाणी भरून बघत होतो, पाहुणे. कुठून गळते का." मी आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्या आहेत, काही योग्य कारणासाठी. त्या वाक्याइतकी एकही लागली नाही.

ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तुम्हाला जेवायला वाढते," त्या म्हणाल्या, "पण आज मी तुमच्याशी बोलणार नाही." आणि खरंच बोलल्या नाहीत. वरणावर तूप मात्र नेहमीपेक्षा जास्त पडलं. ते रागाचं होतं की कशाचं, कळलं नाही.

जेवण झाल्यावर साडूंनी मला शेजारी पाठवलं. बरोबर आले नाहीत. मी माझ्या तुटक्या डचमध्ये आजींना सांगितलं की आग माझ्यामुळे लागली. त्या मला आत घेईनात. दारातच, काठीवर रेलून, त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मी मूर्ख आहे असं त्या सरळ म्हणाल्या. डच लोकांचं हे बरं असतं. मग त्यांनी विचारलं की तो शेजारी आता बेल का वाजवत नाही. लाज वाटते त्यांना, मी म्हटलं. तो सोडून मला कोणी काही विचारत नाही, त्या म्हणाल्या, आणि हे त्याला सांगितलं तरी चालेल.

परत आलो तेव्हा साडू गवंड्याशी फोनवर बोलत होते. रद्द नाही, पुढे ढकलतोय, असं त्याला दोन-दोनदा सांगत होते. आजींचं म्हणणं मी सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. पान हलत नव्हतं. आज काही उपयोग नाही, ते म्हणाले.

मला स्टेशनवर पोचवायला ते आले. सायकल हातात धरून चालत होते. मी म्हटलं की पुढच्या कार्यक्रमात मी सगळ्यांसमोर उभा राहून खरं काय ते सांगतो. मला वाटलं, याने त्यांना बरं वाटेल. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "मंडळात सांगू नका," ते म्हणाले. "लोक तुमची नक्कल करतील. तुम्हाला ते झेपायचं नाही." टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती, जशी आगीजवळ बसलेल्या कुणाचीही वाटते. मी बरं म्हटलं, गाडी आली, आणि ती सुटेपर्यंत ते फलाटावर उभे होते.

तर मंडळात मी काही बोललेलो नाही. शब्द पाळला आहे. लिहायचं नाही असं ते म्हणाले नव्हते.